सरकीवरचं माप

किसन,

परवा तुझ्या शोकसभेत मी चार मिनिटं बोललो आणि त्यातलं एकही वाक्य तुझ्याबद्दल नव्हतं. ‘कुशल कारागीर’ म्हणालो, ‘मनमिळाऊ स्वभाव’ म्हणालो, ‘न भरून निघणारी पोकळी’सुद्धा म्हणालो. तू मनमिळाऊ कधी होतास? मोटारीच्या सीटचं माप द्यायला गिऱ्हाईक ऐटीत बसलं की तू त्याला उठवायचास. "असे लोकं फोटोत बसते," म्हणायचास, "आता गाडीत बसा." आणि पोकळीचा विषय तुझ्यासमोर निघाला असता, तर ती किती इंच खोल आहे हे विचारून तू तिच्यात काथ्या भरून मोकळा झाला असतास. माझ्या आधी एका पुढाऱ्यानं तुला ‘आसनशिल्पी’ ही पदवी बहाल केली. लोकांनी माना हलवल्या. मीही हलवली. सभेत मान हलवायला फारसे श्रम पडत नाहीत.

हल्ली मला बाकी सगळ्याचे श्रम पडतात. तू गेल्याला आज अकरा दिवस झाले. संध्याकाळी कचेरीतून निघतो, पाय सवयीनं मोटार स्टँडमागच्या तुझ्या टिनाच्या शेडकडे वळतात, मग परत फिरतात. तेवढ्यानंच दमायला होतं.

तुला एक विचारायचं होतं. दोन वर्षांपासून विचारायचं होतं. गणपतच्या जीपच्या सीटचा जो नकाशा मी काढला, त्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकोन होता. ही वस्तू कुणी योजली आणि तिचा नकाशा कुणी काढला, ते त्यात लिहायचं असतं. पहिल्या ओळीत आमच्या कचेरीच्या साहेबांचं नाव होतं, दुसऱ्या ओळीत माझं. तुझं कुठेच नव्हतं. अक्षर माझं होतं, वळणदार, चांगल्या टाकानं काढलेलं. तो चौकोन तू वाचलास का?

तुला माहीत असलेल्या गोष्टीच आता तुला सांगणार आहे. त्या मला एकदा ओळीनं लावून पाहायच्या आहेत.

आपली ओळख झाली तेव्हा तू कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होतास. काही कामानं आमच्या कचेरीत आलास आणि मी नकाशे काढायला बसायचो त्या स्टुलाकडे बघत उभा राहिलास. "ह्याच्यावर बसून तुमी सरळ रेघ कशी काढता?" मला वाटलं, कौतुक करतोयस. दुसऱ्या दिवशी तू स्टूल उचलून नेलंस आणि आणून दिलंस ते मागच्या बाजूनं दोन सूत, म्हणजे पाव इंच, उतरवून. त्या दिवसापासून माझी मान दुखायची थांबली. तू मला ‘तुमी’ म्हणायचास आणि मी तुला ‘तू’. वयानं तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा होतास. इतकी वर्षं हे मला खटकलं नाही. आता हा कागद लिहितानाही मी ‘तू’च लिहितो आहे, कारण आता ‘तुम्ही’ म्हटलं तर तू हसशील.

छप्पन साली तू नागपूरहून दीक्षा घेऊन आलास आणि आठवड्याच्या आत बाजारातून एक लाकडी खुर्ची आणलीस, बापासाठी. म्हातारबा तिच्यावर बसेनात. जन्मभर दुसऱ्यांच्या ओसरीखाली उकिडवं बसलेला माणूस. ते खुर्चीशेजारी जमिनीवर बसायचे आणि खुर्चीवर टोपी ठेवायचे. दुसऱ्या कुणी त्यांच्यापुढे भाषण केलं असतं. तू करवत घेतलीस. चारही पाय चार-चार बोटं कापलेस. म्हातारबा बसले नाहीत. आणखी दोन बोटं कापलेस, तेव्हा बसले. मी टाळ्यांची वाक्यं बोलायला तेव्हाही तयारच असायचो. म्हणालो, "किसन, माणूस वर चढेना म्हणून तू सिंहासन खाली आणलंस!"

"सिंहासन-बिंहासन काई नाई," तू म्हणालास. "पाय लोंबकळत व्हते म्हाताऱ्याचे. पाय लोंबकळले का माणसाले भेव वाट्टे."

माझे विचार तू असेच सूत-दोन सूत कापत आलास.

मग जिनिंग सोडून तू गाड्यांच्या सीटा बनवायला शेड टाकलीस. टॅक्सीवाले, जीपवाले, जुन्या मोटारी बाळगणारे वकील-डॉक्टर, सगळे तुझ्याकडे यायचे. तुझी माप घ्यायची रीत ऐकून नवखा माणूस आधी रागावायचा. तू त्याला सैल भरलेल्या सरकीच्या पोत्यावर बसवायचास. पाच मिनिटांनी अलगद उठवायचास. सरकीत त्याची बैठक उमटलेली असायची. तू त्या खळग्यात बांबूच्या काड्या रोवून खोली मोजायचास आणि हात फिरवून सांगायचास, "वकीलसाहेब, तुमी डाव्या कुल्ल्यावर बसता." वकीलसाहेब जन्मात पहिल्यांदा निरुत्तर व्हायचे. जिल्ह्यातल्या अर्ध्या प्रतिष्ठेचे ठसे तू पाहिले होतेस. म्हणूनच बहुधा तुला तिचा दरारा वाटायचा नाही.

गणपत आमच्या कचेरीच्या जीपचा ड्रायव्हर. राळेगावकडचा. उंची पाच फूट एक इंच, आणि त्यातलं बरंचसं धड. जीपची सीट एका जागी ठोकलेली. क्लचपर्यंत पाय पोचावा म्हणून तो बिचारा सीटच्या काठावर यायचा, मग पाठीमागं हातभर मोकळी जागा राहायची. तिथे तो घोंगडीची घडी कोंबायचा, घोंगडीमागे गोणपाटात गुंडाळलेली वीट. असा तो मुकुटबनपर्यंतचे खड्डे खात जायचा आणि परत यायचा तो दार धरून, एकेक पाय खाली सोडत. डॉक्टरांनी सांगितलं, हे असंच चाललं तर चाक सोडावं लागेल. साहेब म्हणाले, मग त्याला स्टोअरवर चौकीदार करू. गणपत माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"नकाशेवाले भाऊ, चाक गेलं तं मी घरी काय सांगू? दिवसभर कुलूप पाहत बसतो म्हणून सांगू काय?"

मी तुला बोलावून आणलं. चूक तिथे झाली नाही. चूक अशी झाली की मी साहेबांनाही सांगितलं. त्यांना नव्या गोष्टींचा उत्साह होता, विशेषतः ज्यांचं उद्घाटन करता येतं अशा गोष्टींचा. गणपतचं माप घ्यायला ते स्वतः हजर राहिले, सोबत हेडक्लार्क आणि दोन कारकून. तू सौम्यपणे सुचवून पाहिलंस, "सायब, तवर तुमी चहा घेऊन या." साहेबांनी तो पाहुणचार समजून चहा तिथेच मागवला. गणपत सरकीवर बसला. तू काड्या रोवल्यास. सगळं रीतसर झालं.

सीटवर तुला कॅनव्हास चढवायचं होतं. साहेबांना लाल रेक्झिन हवं होतं. लाल रेक्झिन चढलं. मग नारळ फुटला. सीटच्या पाठीला झेंडूचा हार घातला, दारापासून स्टिअरिंगपर्यंत फीत बांधली. जीप हा जिल्ह्याच्या विकासाचा पाय आहे आणि सीट हा जीपचा कणा आहे, असं साहेब म्हणाले. पाय आणि कणा यांचा संबंध कसा लावायचा याचा मी विचार करत होतो, तोवर ते स्वतःच सीटवर बसले आणि म्हणाले, "वा!" त्यांना ती छानच बसली. त्यांना जीप चालवायची नव्हती.

गणपत मुकुटबनला जाऊन आला आणि दोघांनी मिळून त्याला उतरवलं. उन्हानं तापलेल्या रेक्झिननं पाठ भाजली ते वेगळंच. साहेब म्हणाले, प्रयोग फसला. चौकीदारीचा हुकूम टाइप झाला, पहिल्या तारखेपासून. हातात आठ दिवस होते.

तू आलास. सीट पाहिलीस, तुझी मापं पाहिलीस, पुन्हा सीट पाहिलीस. मापात चूक नव्हती. मग कचेरीच्या पायरीवर कण्हत बसलेल्या गणपतशेजारी जाऊन बसलास.

"गणपत, माप देतानी पाय कसे ठेवले व्हते तू?"

"जुळवून."

"आन पाठ?"

"ताठ."

"काहून?"

"अबे, सायब उभे होते ना समोर! सायब उभे अन् मी पसरून बसू काय? तू बसला असता?"

तू म्हणालास, "नसतो बसलो." आणि हसायला लागलास, ते थांबेचना. "भाऊ, म्या सायबासमोरच्या गणपतची सीट बनवली! जीप चालवते तो गणपत येगळाच हाये."

तसल्या चुकीचं मला हसू आलं नाही. मला तुझं आश्चर्य वाटलं. म्हातारबांच्या खुर्चीचे पाय कापलेल्या माणसाला हे आधी कसं दिसलं नाही, असं मी विचारणार होतो. पण तू स्वतःला तेच विचारतो आहेस, हे तुझ्या चेहऱ्यावर मला आधीच दिसलं.

दुसऱ्या दिवशी तू शेडचं दार लावून घेतलंस. आत गणपत आणि सरकी. मीही आत यायला निघालो तर तू हात आडवा केलास. "तुमी बाहेर थांबा. तुमीबी कचेरीचेच." मी बाहेर उन्हात उभा राहिलो. तू गणपतच्या हातात परात दिली होतीस, पायांशी विटा मांडल्या होत्यास आणि म्हणाला होतास, "चालव मुकुटबनले." आतून गणपतचा आवाज येत होता. तो गिअर बदलत होता, बैलगाडीवाल्याला शिव्या देत होता, नाल्यात उतरत होता, वर चढत होता. तासाभरानं तू दार उघडलंस.

"माप एक येऊनच नाई राह्यलं. निंगतानी एक बसते, चढावर एक, परत येतानी तं पुरा खचते. सीटच हालली पाह्यजे."

इथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते काही मिटलं नाही. मी म्हणत होतो, मापं पाच घे, दहा घे, सरासरी काढ. शास्त्र असंच चालतं.

"सरासरी माणूस घेऊन या," तू म्हणालास. "त्याले बसवतो."

"मग माप घेतोस कशाला?"

"माणूस किती हालते ते पाह्याले."

मी तुला वाचून दाखवायला एक इंग्रजी पुस्तकही आणलं होतं. त्यात माणसाच्या पाठीच्या वळणाचं एकच चित्र होतं. तू ते बराच वेळ पाहिलंस आणि विचारलंस, "हा कोन व्हय? कुठं राह्यते?" तुला ताप येईपर्यंत आपण यावर बोलत होतो. मी अजूनही म्हणतो की प्रमाण माप नसेल तर कारखाना चालायचा नाही. तू आता उत्तर देणार नाहीस. वाद जिंकायची ही रीत मला आवडलेली नाही.

आठ दिवसांत तू जे केलंस ते मी रोज येऊन पाहिलं. जिनिंगच्या भंगारातून दोन लोखंडी पट्ट्या आणल्यास, त्यांना इंचाइंचावर भोकं पाडलीस. सीट त्यांच्यावर पुढेमागे सरकायची. खाली स्प्रिंगवर ओढलेली खीळ. गणपतनं डाव्या हातानं खीळ ओढायची, सरकायचं, सोडायची, की ती पुढच्या भोकात बसायची. पाठीला आरामखुर्चीसारख्या चार खाचा. मांडीखाली वेगळा लोड, तो पाचर सारून वर करता यायचा. खाली काथ्या, वर कापूस, त्यावर कॅनव्हास. कापूस दबतो, अशी मी शंका काढली. "दबू द्या," तू म्हणालास, "त्याच्याच अंगानं दबन."

गणपत मुकुटबनला गेला आणि आला. आपण दोघं फाटकाशी उभे होतो. तो उडी मारून उतरला, आपल्याकडे पाहिलंही नाही, सरळ चहा प्यायला गेला. मला त्याचा राग आला. तू खूश झालास. "सीटबद्दल बोलला नाई. म्हंजे बसली."

चौकीदारीचा हुकूम फायलीतच राहिला. कागद फायलीत राहिला म्हणजे रद्द झाला, हे आमच्याकडे सगळ्यांना समजतं. गणपत आजही जीप चालवतो.

मग साहेबांनी मला आत बोलावलं. नकाशा नागपूरला पाठवायचा होता, इतर जीपगाड्यांनाही अशा सीटा बसवता येतील म्हणून. विचार चांगला होता. मी टेबलासमोर उभा होतो. ते म्हणाले, "योजना म्हणून माझं नाव घाला. कचेरीतर्फे जातंय. बाहेरच्या माणसाचं नाव दिसलं की वरचे प्रश्न विचारतात." मी म्हणालो, "हो साहेब." दोन शब्द. साहेब लोकांच्या हारांची, फितींची, भाषणांची आयुष्यभर टिंगल केली, पण त्यांच्यातल्या एकासमोर उभं राहून तिसरा शब्द मला सुचला नाही.

पाठवण्याआधी दोन भोकांतलं अंतर तपासायला मी तो कागद तुझ्याकडे आणला. तू हात पुसून घेतलेस आणि बोटानं एकेक रेघ पाहत गेलास. बोट उजव्या कोपऱ्याशी आलं आणि थांबलं, किंवा मला तसं वाटलं. चौकोन इंग्रजीत होता. तुझं इंग्रजी स्पेअर पार्टच्या डब्यांवरून शिकलेलं, पण डब्यांवरची नावं तू धडधड वाचायचास. तू म्हणालास, "रेघा मस्त आल्या." कागद गुंडाळून परत दिलास.

त्यानंतर दोन वर्षं आपण रोज संध्याकाळी शेडसमोरच्या फळीवर बसलो. राजकारण बोललो, पुस्तकं बोललो, सरासरी माणसाला शिव्या दिल्या. तेवढं सोडून सगळं बोललो. मग तुला ताप आला, आणि चौथ्या दिवशी सकाळी गणपत माझ्या दाराशी येऊन नुसता उभा राहिला.

सभेनंतर काल मी तुझ्या घरी गेलो. जनावहिनी निवडायला तूर घेऊन बसली होती. मला पाहून म्हणाली, "या भाऊजी. लय मोठं मोठं बोलले तुमी सभेत. मले वाटलं दुसरंच कोनी मेलं."

मी बसलो आणि विचारलं, "वहिनी, गणपतच्या सीटचा मी नकाशा काढला होता. त्याबद्दल किसन कधी काही म्हणाला?"

"म्हणाले ना. त्याच दिवशी. जेवतानी म्हणे, त्याईनं माहं नाव नाई टाकलं."

तिचा हात तुरीत फिरत राहिला.

"मी म्हटलं, मंग भांडत काहून नाई? तं म्हणे, कायले भांडू? त्याईनं तो कागद सायबासमोर काढला असन." तिनं वर पाहिलं. "मले काई समजलं नाई त्याचं. तुमाले समजते काय?"

"नाही," मी म्हणालो. म्हणजे हेही खोटंच सांगितलं.

रस्ताभर मी ते वाक्य उलटसुलट करून पाहिलं. आधी मला ती क्षमा वाटली आणि बरं वाटलं. मग तेवढं बरं वाटेना. गणपतचं माप चुकलं, तेव्हा तू दार लावून दुसरं घेतलंस. माझं दुसरं तू घेतलं नाहीस. मी आपणहून येईन म्हणून दोन वर्षं थांबलास, की हा माणूस एवढाच म्हणून सोडून दिलंस? आणि सोडून दिलं असशील, तर रोज संध्याकाळी माझ्यासाठी फळी पुसून का ठेवायचास? एवढं तरी बोलायचं होतंस. पण हे म्हणायचा अधिकार मला नाही. बोलायची पाळी माझी होती.

घरी येऊन मी एका पानाचं पत्र लिहिलं. विशेषणं घातली नाहीत. अमुक नकाशातली सीट किसन नावाच्या कारागिरानं योजली आणि बनवली, कचेरीतल्या कुणाचा तिच्यात हात नव्हता, चौकोनातली नोंद चुकीची आहे आणि ती मी केली आहे. खाली सही. आमच्या शिरस्त्यानं असं पत्र नागपूरला परस्पर जात नाही, साहेबांमार्फत जातं. म्हणजे ते त्यांच्याच हाती द्यायचं होतं.

आज सकाळी अकराला दिलं. त्यांनी एकदा वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"हे आता कशाला? माणूस तर गेला. त्याला काय फरक पडणार?"

"त्याला नाही पडणार, साहेब."

"तुमची किती वर्षं राहिली नोकरीची?"

"तीन."

"मग?" त्यांनी कागद फायलीवर ठेवला. "ठेवून जा. बघतो मी."

कागद तिथे राहिला की त्याचं काय होतं, ते मला त्यांच्याइतकंच माहीत होतं.

"आपण शेरा लिहा, साहेब. मी थांबतो."

"उभे किती वेळ राहणार?" ते म्हणाले. तो प्रश्न नव्हता, जायला सांगणं होतं.

टेबलासमोरची खुर्ची पाहुण्यांसाठी असते. सव्वीस वर्षांत माझ्या पायरीचा कुणी तिच्यावर बसल्याचं मी पाहिलं नाही. मी ती ओढली आणि बसलो. खुर्ची वाईट होती, किसन. बैठक पुढे उतरती, पाठ फार मागे. काठावर बसून भागलं असतं. पण मी मागे सरकलो आणि टेकलो. अकरा दिवसांत पहिल्यांदा अंग जरा सैल झालं.

साहेब माझ्याकडे पाहत राहिले. बाहेर गणपतची जीप सुरू झाली आणि फाटकातून गेली. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. ते सही करतायत की नकार लिहितायत, ते टेकल्या जागेवरून मला दिसत नव्हतं. पुढे वाकून बघावं असं मला वाटलं नाही.